‘कुत्रा म्याँव करतो!’ – परीकथांवरच्या एका जुन्या वादाची हकिगत

शिक्षकांच्या बैठकीत एक प्रश्न अधूनमधून निघतोच. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतो, पुरावा मागा, कारण शोधा, चमत्कारावर विश्वास ठेवू नका. त्याच शाळेत, त्याच मुलांना, भाषेच्या तासाला आपण बोलणारा पोपट, राक्षसाचा सातासमुद्रापलीकडे ठेवलेला प्राण आणि भोपळ्यात बसून लेकीकडून घरी परतणारी म्हातारी यांच्या गोष्टी सांगतो. हे दोन्ही एकत्र कसे बसते? एका हाताने वैज्ञानिक दृष्टिकोन द्यायचा आणि दुसऱ्या हाताने तो पुसायचा, असे तर आपण करत नाही ना?

हा प्रश्न विचारणारे शिक्षक बहुधा सर्वांत मनापासून शिकवणारे असतात, म्हणून तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो नवाही नाही. गेली अडीच हजार वर्षे विचारी माणसे त्यावर भांडत आली आहेत. विसाव्या शतकात एका देशात तर हा वाद इतका पेटला, की सरकारी खाती, वर्तमानपत्रे आणि पालकसभा त्यात उतरल्या आणि एका लेखकाला जाहीर माफी मागावी लागली. ती हकिगत सविस्तर पाहिली तर आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला मदत होईल, असे आम्हांला वाटते.

आधी एक खुलासा. ‘परीकथा’ हा शब्द आपण सोयीसाठी वापरत आहोत. या गोष्टींत परी क्वचितच असते. राजा, राक्षस, चेटकीण, बोलणारे प्राणी, जादूची वस्तू, म्हणजे ज्या जगात निसर्गाचे नियम थोडा वेळ बाजूला ठेवलेले असतात, अशा सर्व गोष्टी यात धरल्या आहेत. आपल्या आजीच्या गोष्टी यातच येतात.

जुने आक्षेप

इ.स.पूर्व चौथ्या शतकात प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात आदर्श राज्याचा आराखडा मांडला. त्यात आया आणि दाया मुलांना सांगतात त्या गोष्टी निवडून-पाखडून घ्याव्यात, अयोग्य गोष्टी सांगूच देऊ नयेत, असे तो म्हणतो. लहान वयात मनावर उमटलेला ठसा पुसत नाही, हे त्याचे कारण.

इंग्लंडमध्ये जॉन लॉक याने १६९३ साली शिक्षणावर पुस्तक लिहिले. नोकरचाकर मुलांना गप्प बसवण्यासाठी भुताखेतांच्या गोष्टी सांगतात, ती भीती माणसाला आयुष्यभर सोडत नाही, असा इशारा त्याने दिला. पण त्याच लॉकने वाचायला शिकणाऱ्या मुलाच्या हाती इसापच्या गोष्टी द्याव्यात, असेही सुचवले. कोल्हा बोलतो याची त्याला हरकत नव्हती, बागुलबुवा खरा म्हणून सांगण्याची होती. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो कामी येणार आहे.

रूसो आणखी पुढे गेला. ‘एमिल’ (१७६२) या ग्रंथात त्याने कावळ्याच्या चोचीतला खाऊचा तुकडा स्तुती करून पळवणाऱ्या कोल्ह्याची गोष्ट घेतली आणि विचारले, मुले यातून काय शिकतात? खुशामतीला भुलू नये, हे मोठ्यांनी काढलेले तात्पर्य. मुलाला मात्र कोल्हा आवडतो आणि फसवायचे कसे, हे तो शिकतो. वर्गात ही गोष्ट सांगून ‘तुम्हांला कोण व्हायला आवडेल?’ असे विचारून पाहावे, रूसो अगदीच चुकला नव्हता हे कळेल. एमिलच्या हाती पहिले पुस्तक द्यायचे ते त्याच्या मते एकच, निर्जन बेटावर स्वतःच्या हातांनी संसार उभा करणारा ‘रॉबिन्सन क्रूसो’.

एकोणिसाव्या शतकात वारे बदलले. जर्मनीत याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या भावांनी लोककथा जमवून त्यांचा पहिला खंड १८१२ साली छापला. मूळ हेतू भाषा आणि लोकसंस्कृती जपण्याचा होता, पुस्तकाला विद्वत्तापूर्ण टिपा होत्या. पण ते मुलांच्या हाती जाऊ लागले, तसतसे विल्हेल्मने ते बदलत नेले. १८५७ पर्यंत सात मोठ्या आवृत्त्या निघाल्या. हिमगौरीचा जीव घ्यायला निघालेली बाई पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मुले खाटकाचा खेळ खेळतात ती भयानक गोष्ट तर काढूनच टाकली. म्हणजे ज्याला आपण ‘परंपरेने आलेली मुलांची गोष्ट’ म्हणतो, तीही कोणीतरी मुलांसाठी काय योग्य याचा विचार करून घडवलेली असते. निवड करणारे फक्त प्लेटोच्या राज्यात नसतात.

मगर रस्त्यावर येते

आता आपल्या मुख्य हकिगतीकडे वळू.

कर्नेई चुकोव्स्की (१८८२–१९६९) हा रशियन लेखक. आई शेतकरी घरातली, एकटीने मुलांना वाढवणारी. ‘हलक्या’ कुळातला म्हणून त्याला शाळेतून काढले गेले. इंग्रजी तो स्वतःच शिकला, पुढे टीकाकार आणि अनुवादक म्हणून नावाजला. एकदा आजारी मुलाला घेऊन आगगाडीने जाताना त्याला गप्प करण्यासाठी चुकोव्स्कीने चाकांच्या तालावर एक गोष्ट रचायला सुरुवात केली. त्यातून ‘मगर’ ही पद्यकथा जन्मली. ती १९१७ साली छापून आली. एक मगर शहराच्या रस्त्यावरून ऐटीत फिरते, पोलिसाला गिळते आणि एक लहान मुलगा तिला वठणीवर आणतो, अशी तिची सुरुवात आहे. त्यानंतर अस्वच्छ मुलाच्या मागे लागणारे हातधुणीचे भांडे, सगळ्या जनावरांना धाक दाखवणारे झुरळ, माशीचे लग्न अशा त्याच्या पद्यकथा १९२३-२४ च्या सुमारास आल्या आणि घराघरांत पाठ झाल्या.

पण तो काळ क्रांतीनंतरचा होता. निरक्षर, धर्मभोळ्या, युद्धाने मोडलेल्या देशातून नवा, विज्ञाननिष्ठ समाज उभा करायचा होता. त्या कामाला लागलेल्या शिक्षणतज्ज्ञांची कळकळ खरी होती, हे आधी मान्य केले पाहिजे. ‘पेडॉलॉजी’ म्हणजे बालविज्ञान या नावाचे एक नवे शास्त्र तेव्हा तिथे जोरात होते. मुलाला यंत्रे, शेते, प्राणी, माणसांचे श्रम यांची खरी माहिती द्यावी, परीकथा त्याला वास्तवापासून दूर नेते, असे त्यातल्या अनेकांचे मत होते.

१ फेब्रुवारी १९२८ रोजी ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रात ‘मगर’वर टीका करणारा लेख आला. लिहिणाऱ्या होत्या नादेझ्दा क्रुप्स्काया, लेनिनच्या पत्नी आणि सोव्हिएत शिक्षणव्यवस्थेतल्या एक प्रमुख व्यक्ती. मगरीविषयी खरी माहिती मिळण्याऐवजी मुलांना भलताच गोंधळ ऐकायला मिळतो, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक. मार्च महिन्यात माक्सिम गॉर्कीने त्याच पत्रात चुकोव्स्कीची बाजू घेतली, तरी हल्ला थांबला नाही. चुकोव्स्कीच्या नावावरून एक निंदाव्यंजक शब्दच तयार झाला आणि १९२९ मध्ये क्रेमलिनच्या बालवाडीतील पालकांच्या सभेने या प्रवृत्तीविरुद्ध लढण्याचा ठराव केला. स्वच्छतेच्या कवितेत धुराडी साफ करणाऱ्यांना ‘अस्वच्छ’ म्हटले, हा कामगारांचा अपमान आहे, अशीही तक्रार झाली.

त्याच वर्षातला एक प्रसंग चुकोव्स्कीने लिहून ठेवला आहे. क्रिमियातल्या आलुप्का या गावी आजारी मुले उकाड्याने हैराण झाली होती. त्यांना रमवावे म्हणून त्याने थापाड्या बॅरन मुंखहाउझेनच्या गोष्टी वाचायला घेतल्या. हा बॅरन दलदलीत बुडू लागल्यावर स्वतःचेच केस धरून स्वतःला, घोड्यासकट, वर ओढून काढतो. मुले खदखदून हसू लागली. तेवढ्यात तिथले एक शिक्षणाधिकारी आले आणि त्यांनी ते पुस्तक काढून घेतले. अशा पुस्तकांनी मुलांना जगाविषयी चुकीची माहिती मिळते, हे कारण.

चुकोव्स्कीचे त्यावरचे उत्तर नीट पाहण्याजोगे आहे. मुले का हसत होती? केस धरून स्वतःला वर उचलता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते म्हणून. ज्याला ते ठाऊक नाही त्याला त्यात विनोद दिसणारच नाही. प्रत्येक थापेला हसताना मूल खऱ्या जगाचा नियम मनाशी पुन्हा एकदा ताडून पाहत असते. म्हणजे पुस्तकाने वास्तवाचे ज्ञान पुसले नव्हते, उलट त्याची उजळणी करून घेतली होती.

दबाव मात्र असह्य झाला. १९२९ च्या डिसेंबरअखेरीस चुकोव्स्कीने एका साहित्यविषयक नियतकालिकात पत्र छापून आपल्या परीकथा चुकीच्या असल्याचे जाहीर केले आणि पुढे सामूहिक शेतीवर मुलांसाठी पुस्तक लिहीन, असे कबूल केले. ते पुस्तक त्याने कधी लिहिले नाही. आपण ही माघार घेतली याची खंत मात्र त्याला जन्मभर राहिली. १९३१ साली त्याची धाकटी मुलगी मूरा हाडांच्या क्षयाने, आलुप्कातच वारली. ती अकरा वर्षांची होती. त्याच्या बालकवितांत तिचे नाव येते.

वारे फिरायलाही फार दिवस लागले नाहीत. १९३३ मध्ये मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र सरकारी प्रकाशनगृह निघाले आणि १९३४ च्या लेखक-परिषदेत सामुईल मार्शाक या कवीने बालसाहित्यावर मुख्य भाषण केले. परीकथेला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. आणि ज्या पेडॉलॉजीच्या नावाने परीकथेला बाहेर काढले गेले होते, ते शास्त्रच जुलै १९३६ मध्ये पक्षाच्या एका आदेशाने बंद झाले. प्रयोगशाळा मिटल्या, पुस्तके गेली. त्यात टाकाऊ होते तसे मोलाचेही पुष्कळ होते. परीकथेवरची बंदी पुराव्याने आली नव्हती आणि उठली तीही पुराव्याने नव्हे. प्रश्न तसाच राहिला, फक्त हुकूम बदलला.

वहीतली निरीक्षणे

पण चुकोव्स्की नुसता भांडत नव्हता, तो नोंदी ठेवत होता. स्वतःची मुले, शेजारची मुले, समुद्रकिनाऱ्यावर भेटलेली मुले काय बोलतात ते तो वर्षानुवर्षे टिपत गेला. देशभरातून पालक त्याला पत्रे लिहून आपल्या मुलांचे बोल कळवत. त्यातून ‘दोन ते पाच’ हे पुस्तक झाले. १९२८ मध्ये ते दुसऱ्या नावाने निघाले आणि नंतर त्याच्या हयातीत त्याच्या अनेक वाढवलेल्या आवृत्त्या आल्या.

त्यातला एक प्रसंग असा. त्याची मुलगी जेमतेम दोन वर्षांची होत आली होती. कुत्रा भुंकतो, मांजर म्याँव करते, हे ती नुकतेच शिकली होती. एक दिवस ती खोलीत आली. चेहऱ्यावर खट्याळपणा आणि थोडे अवघडलेपणही. म्हणाली, कुत्रा म्याँव करतो! आणि जरा कृत्रिमपणे हसली, जणू बापाने पण हसावे असे बोलावणेच. बापाने खेळ ओळखला. म्हणाला, नाही, कुत्रा भू-भू करतो. ती पुन्हा तेच म्हणाली. मग त्यानेही एका प्राण्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज घातला आणि दोघे हसत सुटली.

चुकोव्स्कीच्या मते हा तिच्या आयुष्यातला पहिला विनोद होता आणि एक बौद्धिक विजयही. जे ज्ञान डळमळीत आहे त्याच्याशी खेळता येत नाही. कुत्रा आणि भुंकणे यांची जोडी पक्की झाली, तेव्हाच ती गंमत म्हणून उलटी करण्याची ताकद आली. जगातल्या सर्व लोकांच्या बडबडगीतांत उलट्या दुनियेची वर्णने सापडतात, ती याचमुळे. आपल्याकडे कूट अभंगांत आणि भारुडांत मोठ्यांसाठीही अशी उलटी दुनिया उभी केलेली आहे. तिचा अर्थ वेगळा, पण युक्ती तीच.

दुसरी नोंद एका आईची. त्या स्वतः पेडॉलॉजीच्या अभ्यासक होत्या आणि मुलाला परीकथेचा वाराही लागू द्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. खऱ्या प्राण्यांची, खऱ्या वस्तूंचीच माहिती द्यायची. त्यांनी प्रामाणिकपणे रोजनिशीही ठेवली. तिच्यात काय आढळले? मुलाच्या खोलीत एक तांबडा हत्ती राहायला आला होता. एक अस्वल त्याचे मित्र होते आणि ते बसले आहे म्हणून अमुक खुर्चीवर कोणी बसायचे नाही, असे तो सांगे. बर्फ पडले की तो सैबेरियातले पाडस होई, सतरंजीवर बसला की सतरंजीचे जहाज होई. कोणी गोष्ट सांगेना, तर मुलाने ती स्वतः रचली. गोष्ट बाहेरून येते असे मोठे समजत होते आणि इथे ती आतूनच उगवत होती.

ही निरीक्षणे सुंदर आहेत, पण एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा काही नियंत्रित प्रयोग नव्हे. एका मुलीच्या विनोदावरून किंवा एका मुलाच्या हत्तीवरून सर्व मुलांविषयी नियम काढता येत नाही. चुकोव्स्की आपल्या मताला अनुकूल अशीच उदाहरणे निवडत असेल, हीही शक्यता आहे. त्याने एक चांगली परिकल्पना मांडली. तिची कसोटी पुढच्यांनी घ्यायची होती.

मांजरे भुंकतात, असे समजा

कसोटीकडे जाण्याआधी त्याच काळातले, त्याच देशातले आणखी एक संशोधन पाहू. १९३१ आणि १९३२ साली मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया उझबेकिस्तानात गेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या शेतकऱ्यांना ते असे कोडे घालत : दूर उत्तरेला, जिथे बर्फ असते तिथली सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक गाव उत्तरेला आहे आणि तिथे बर्फ आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? पुष्कळ जणांनी उत्तर द्यायचे नाकारले. आम्ही तिथे गेलो नाही, जे पाहिले नाही त्याबद्दल कसे बोलावे, असा त्यांचा सूर. ही माणसे मंद नव्हती. स्वतःच्या अनुभवातल्या बाबींवर ती उत्तम तर्क करत. अनुभवाबाहेरचे विधान ‘समजा’ म्हणून धरून चालायची मात्र त्यांना सवय नव्हती. थोडे शिक्षण झालेल्यांना ती जमू लागली होती. हे संशोधन तेव्हाच्या राजकारणात अडकले आणि पुस्तकरूपाने यायला १९७४ साल उजाडले.

आता १९८८ कडे येऊ. मारिया दियास आणि पॉल हॅरिस यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना अशी विधाने ऐकवली : सर्व मांजरे भुंकतात. रेक्स हे मांजर आहे. रेक्स भुंकतो का? साध्या आवाजात विचारले, तर पुष्कळ मुले उझबेक शेतकऱ्यांसारखीच अडली. नाही, मांजरे म्याँव करतात, असे सांगून त्यांनी स्वतःच्या अनुभवाचा आधार घेतला. पण तेच कोडे खेळातले म्हणून, गोष्ट सांगण्याच्या सुरात किंवा ‘एका दुसऱ्या ग्रहावर असे असते’ असे म्हणून सांगितले, तेव्हा चित्र पालटले. मुले म्हणू लागली, हो, रेक्स भुंकतो, कारण तिथली सगळी मांजरे भुंकतात. म्हणजे गृहीत धरलेल्या विधानावरून निष्कर्ष काढण्याचे तर्काचे काम, जे फार उशिरा जमते असे मानले जाई, ते गोष्टीच्या चौकटीत पाच वर्षांच्या मुलाला जमत होते.

चुकोव्स्कीच्या मुलीचा कुत्रा म्याँव करत होता, इथे मांजर भुंकते. योगायोग गमतीचा आहे, पण धागा एकच. आपण भूमितीच्या तासाला काय म्हणतो? ‘समजा, अबक हा एक त्रिकोण आहे.’ भौतिकशास्त्रात म्हणतो, ‘समजा, घर्षण नाही.’ घर्षण नसलेली जमीन कोणी पाहिली आहे? ती परीकथेतल्या गालिच्याइतकीच काल्पनिक. पण तिच्यावरून गोळा सोडल्याशिवाय गतीचा पहिला नियम कळत नाही. ‘आटपाट नगर होते’ हा आपल्या कहाण्यांचा आरंभ आणि ‘समजा’ हा गणिताचा आरंभ, दोन्हींचे काम एकच : थोडा वेळ रोजचे जग बाजूला ठेवा, आणि इथले नियम मानले तर पुढे काय होईल ते पाहा.

एक चार्ल्स डार्विनही होता. आत्मचरित्रात तो कबूल करतो की लहानपणी त्याला बढाया मारण्याची फार सवय होती. रंगीत पाणी घालून आपण हव्या त्या रंगाची फुले उगवू शकतो, अशी थाप त्याने एका मुलाला मारली होती. यावरून थापा मारणारी सर्व मुले शास्त्रज्ञ होतात असे नाही. पण फुलांचे रंग बदलता येतील का, हा प्रश्न त्या डोक्यात लवकर शिरला होता एवढे खरे. इथेच एक सावधगिरीही नोंदवू. ‘मूल हुशार व्हायला हवे असेल तर त्याला परीकथा वाचून दाखवा’ अशा अर्थाचे एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर भिंतींवर लावलेले दिसते. ते त्याने लिहिल्याचा भक्कम पुरावा नाही. परीकथेची बाजू घेताना आपणच नवी दंतकथा पसरवू नये.

मर्यादा कुठे?

मग सगळ्याच गोष्टी बिनधास्त सांगाव्यात का? इथेही प्रयोगांचे ऐकू.

हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामा खोका दाखवला आणि त्यात एक राक्षस आहे (काहींना ससा आहे) अशी कल्पना करायला सांगितले. राक्षस खरा आहे का, असे विचारल्यावर मुलांनी तो नुसता मनातला आहे, असे बरोबर सांगितले. मग मोठे माणूस खोलीबाहेर जायला निघाले. चार वर्षांच्या काही मुलांनी, ज्यांच्या खोक्यात राक्षस होता, ‘जाऊ नका’ म्हटले. एकटी राहिलेली बरीच मुले हळूच खोक्याजवळ जाऊन बघून आली. म्हणजे खरे-खोटे त्यांना कळते, पण मन पूर्ण निर्धास्त होत नाही. आपणही अंधाऱ्या जिन्यावरून जरा भरभरच उतरतो. लॉकची काळजी निराधार नव्हती.

दुसरे संशोधन अमेरिकेतले, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले. पाच-सहा वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून त्यातले पात्र खरे होते की बनवलेले, हे विचारले. ज्या मुलांच्या घरी किंवा शाळेत चमत्काराच्या कथा खऱ्या म्हणून सांगितल्या जात होत्या, ती मुले जादूच्या गोष्टीतले पात्रही खरे असावे, असे जास्त प्रमाणात म्हणाली. बाकीची मुले जादू दिसताच ‘हे बनवलेले’ असे ओळखत. म्हणजे खऱ्या-खोट्याची रेषा मूल एकटे आखत नाही. भोवतालची मोठी माणसे काय खरे म्हणून सांगतात, यावरही ती अवलंबून असते.

यातून आम्हांला जो फरक महत्त्वाचा वाटतो, तो असा. गोष्ट म्हणून सांगितलेली कल्पित कथा ही एक बाब आणि खरी म्हणून सांगितलेली कल्पित कथा ही दुसरी. ‘एक होता राक्षस’ असे सांगणारी आजी मुलाशी एक करार करते, त्या करारात दोघांनाही ठाऊक असते की आता आपण समजाच्या प्रदेशात चाललो आहोत. ‘विहिरीपाशी जाऊ नकोस, तिथे हडळ आहे’ असे सांगणारे मोठे माणूस असा करार करत नाही, ते मुलाच्या विश्वासाचा गैरफायदा घेते. पहिल्या प्रकाराने कल्पनाशक्तीला व्यायाम मिळतो, दुसऱ्याने अंधश्रद्धेला खतपाणी. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या शिक्षकाचे भांडण दुसऱ्याशी आहे, पहिल्याशी नाही. उलट पहिल्याचा सराव झालेल्या मुलाला दुसऱ्याला ‘ही तर गोष्ट आहे’ म्हणणे सोपे जावे, अशी आमची अपेक्षा आहे. ती सिद्ध झालेली बाब मात्र नव्हे.

आपल्याकडचा एक प्रयोगशील शिक्षक

ज्या दशकात मॉस्कोत हा वाद चालला होता, त्याच दशकात आपल्या शेजारी भावनगरला हाच प्रश्न शांतपणे सोडवला जात होता. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू केले. ते माँटेसोरी पद्धतीचे पुरस्कर्ते. पण मारिया माँटेसोरी यांचा लहान मुलांच्या बाबतीत अद्भुत कथांपेक्षा प्रत्यक्ष अनुभवावर भर होता. जे अजून वास्तवाची ओळख करून घेत आहे, त्या मुलावर मोठ्यांच्या कल्पना लादू नयेत, असे त्या म्हणत. गिजुभाईंनी साधने घेतली, स्वातंत्र्याचे तत्त्व घेतले, पण गोष्ट सोडली नाही. त्यांनी लोककथा जमवून मुलांसाठी लिहिल्या आणि गोष्ट सांगण्याचे शास्त्र मांडणारे पुस्तकही लिहिले. मराठी शिक्षकांना त्यांचे ‘दिवास्वप्न’ परिचयाचे असेल. त्यातला मास्तर चौथीच्या दंगेखोर वर्गावर ताबा मिळवतो तो छडीने नव्हे, तर गोष्टीने. त्यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षणाचे काम रुजवले.

गिजुभाईंनी गुरूचे सगळे ऐकले नाही, समोरच्या मुलांकडे पाहिले. वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणतात तो हाच नव्हे काय?

वर्गात काय करता येईल?

शेवटी थोडे व्यवहाराचे. गोष्ट सांगून झाली की तात्पर्य सांगण्याची घाई करू नये. मुले कोल्ह्याच्या बाजूने आहेत की कावळ्याच्या, हे आधी त्यांनाच विचारावे, रूसोची शंका तिथेच तपासून होईल. लहानांच्या वर्गात ‘उलटी दुनिया’ खेळावी : मासा झाडावर राहतो, पाऊस खालून वर पडतो. मुले हसली की समजावे, खरा नियम त्यांना माहीत आहे. जिथे हसू येत नाही, तिथे पाठ पुन्हा घ्यायला हवा. याहून सोपी चाचणी आम्हांला तरी माहीत नाही. मोठ्या मुलांना विचारावे, गोष्टीतली म्हातारी ज्या भोपळ्यात बसून टुणूक टुणूक गेली, तो किती मोठा असायला हवा? उतार नसताना तो चालेल का? गोष्ट मोडत नाही, मुले दोन्ही जगांत ये-जा करायला शिकतात. आणि कोणी मूल घाबरले, तर ‘त्यात घाबरण्यासारखे काय’ असे न म्हणता, त्याच्याबरोबर जाऊन खोका उघडून दाखवावा.

चुकोव्स्कीच्या मुलीला बापाने पहिल्यांदा सांगितले, नाही, कुत्रा भुंकतो. दुसऱ्यांदा मात्र तो खेळात सामील झाला. शिक्षकाला ही दोन्ही कामे करावी लागतात. केव्हा कोणते करायचे, हे मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावरच कळते.